‘कुऱ्हाड’ नीट दिसली पाहिजे

यवतमाळहून घाटंजी, पांढरकवडा करत झरी जामणीला जाणाऱ्या एका बसवर पुष्पा आडे कंडक्टर आहेत. गाडी भर दुपारी झरीला पोचते आणि परत निघायला बराच अवकाश असतो. ड्रायव्हर संघदीप वानखडे डबा संपवून मागच्या लांब सीटवर आडवे होतात. पुष्पाताईंना दुपारची झोप लागत नाही. त्या वाचत बसतात.

पूर्वी त्या वाचनालयातलं पुस्तक सोबत न्यायच्या. पण कंडक्टरच्या पेटीत तिकिटाचं मशीन, पैशाची पिशवी, पाण्याची बाटली ठेवल्यावर जाड पुस्तकाला जागा उरत नाही. मोबाइलवर वाचून पाहिलं, तर झरीच्या उन्हात त्याचा पडदा काळा ठिक्कर पडायचा. डोळे चुरचुरायचे ते वेगळंच.

एकदा पांढरकवड्याला एक बँकेतल्या बाई बसमध्ये चढल्या. खिडकीतून थेट ऊन येत होतं आणि बाई एका राखाडी पाटीवर निवांत वाचत होत्या. तिकीट देता देता पुष्पाताईंनी विचारलं, “मॅडम, हे काय हाय? उन्हात दिसते कसं?”

बाईंनी ती पाटी त्यांच्या हातात दिली. तिला काच असल्यासारखं वाटत नव्हतं, अक्षरं छापल्यासारखी होती. बोट टेकवलं तसं पान उलटलं. पुढच्या स्टॉपवर माणसं चढायला लागली म्हणून पुष्पाताईंना ती परत द्यावी लागली, पण डोक्यातून काही गेली नाही.

त्या दिवसापासून त्यांची चौकशी सुरू झाली. पुष्पाताईंचा स्वभावच तसा. गाडीत नवा स्पीकर बसवला तरी त्याची वायर कुठून कुठे गेली हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. यवतमाळच्या एका दुकानदाराने सांगितलं, “ताई, त्यापेक्षा टॅबलेट घ्या. रंगीत हाय, पिक्चर बी दिसतात.” पुष्पाताई म्हणाल्या, “मले पिक्चर नाही पाहाचे. दुकानाबाहेर उन्हात नेऊन दाखवता का?” बाहेर नेला, तर टॅबलेटच्या पडद्यात दुकानदाराचाच चेहरा दिसला.

मग त्या इंटरनेटवर अशी पुस्तकं वाचायची यंत्रं, म्हणजे ई-रीडर, शोधत बसल्या. एक यंत्र स्वस्त होतं, पण ते मुख्यतः आपल्याच दुकानातली पुस्तकं वाचायला केलेलं होतं. बाहेरची फाइल त्यात घालायची तर आधी तिचा प्रकार बदला, मग पाठवा. दुसऱ्यात कुठलीही फाइल चालायची, पण मराठीचं काय होतं ते कोणीच लिहिलेलं नव्हतं. सगळे बॅटरी किती दिवस टिकते, पाण्यात पडलं तर काय, हेच सांगत होते. पुष्पाताईंनी एका व्हिडिओत मराठी पान पाहिलं. तिथे ‘कुऱ्हाड’ हा शब्द मोडलेला होता. ‘ऱ्ह’च्या जागी ‘ह’च्या डोक्यावर रफार चढून बसला होता. त्यांना ते पायात काटा गेल्यासारखं खुपलं.

तेव्हापासून त्या प्रत्येक विकणाऱ्याला एकच निरोप पाठवायच्या: “तुमच्या मशीनवर ‘कुऱ्हाड’ लिहून फोटो पाठवा.”

बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. एकाने घाबरून विचारलं, “ताई, काही भांडण आहे का?” शेवटी अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी फोटो पाठवला. त्यांना मोठं यंत्र घ्यायचं होतं म्हणून ते आपलं जुनं, तळहाताएवढ्या पडद्याचं विकत होते. फोटोत ‘कुऱ्हाड’ स्वच्छ उमटली होती. शिवाय खाली त्यांनी आपल्या मनाने ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ आणि ‘ज्ञानतंतू’ हेही लिहून पाठवलं होतं. पुष्पाताईंना माणूस विश्वासाचा वाटला. दिवाळीच्या सानुग्रह रकमेत बसत होतं, घेऊन टाकलं.

पहिल्या दुपारी मात्र हिरमोड झाला. वर्षानुवर्षं लोकांनी पाठवलेली, त्यांनी जमवलेली मराठी पुस्तकं सगळी पीडीएफ होती. यंत्रावर उघडली, तर अख्खं पान त्या एवढ्याशा पडद्यात मावलं आणि अक्षरं तिळाएवढी झाली. मोठी करावी तर अर्धी ओळ बाहेर. ओळीचं शेपूट पाहायला पान सरकवायचं, पुन्हा डोकं पाहायला मागे आणायचं.

“काय झालं ताई?” संघदीप मागच्या सीटवरून म्हणाले. “तोंड काहून उतरलं?”

पुष्पाताईंनी दाखवलं. संघदीपना वाटलं यंत्रच खराब निघालं. पण पुष्पाताईंनी घरी गेल्यावर जुन्या लॅपटॉपवर वाचून वाचून ती भानगड समजून घेतली, आणि पुढच्या फेरीत झरीला डबा उघडता उघडता संघदीपना सांगितली.

“भाऊ, पीडीएफ म्हणजे रिझर्वेशनची गाडी. ज्याची सीट जिथं, तो तिथंच बसन. गाडी लहान असो का मोठी. आन् ईपब म्हणून एक दुसरी फाइल असते, ते म्हणजे आपली साधी गाडी. माणसं सरकतात, जागा होते. अक्षर मोठं केलं का ओळ आपली आपण खाली उतरते.”

“मंग सगळ्या फाइली साध्या गाडीत बसवून टाका ना.”

“ज्याच्यात खरी अक्षरं हायत त्या बसतात. काही पीडीएफ म्हणजे निस्ते पानाचे फोटो हायत. त्यातून अक्षरं काढाले गेलं तर ‘म’चा ‘भ’ होते.”

संघदीप हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “त्या ‘भ’चं काय झालं?”

हळूहळू गाडी रुळावर आली. फुकट मिळणारी, जुनी, कोणीतरी मेहनतीने नीट टाइप केलेली ईपब पुस्तकं पुष्पाताईंना सापडली. लॅपटॉपवर एक मोफत प्रोग्राम घेऊन फाइली बदलायलाही त्या शिकल्या. आणि मग त्यांना मामांची फाइल आठवली.

हिरासिंग राठोड त्यांचे सख्खे मामा. घाटंजीजवळच्या एका तांड्यावर राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. बंजारा लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. मामांनी म्हाताऱ्या माणसांकडून लदेणीच्या गोष्टी ऐकून एक पुस्तक लिहिलं होतं. घाटंजीच्या एका टायपिंगच्या दुकानात ते टाइप करून घेतलं. पण छापायचं राहून गेलं. दुकान बंद पडलं, हाताने लिहिलेले कागद वाळवीने खाल्ले. उरला एक पेनड्राइव्ह. मामांची नजर आता मंद झाली होती, पण त्यांनी तो तांदळाच्या डब्यात जपून ठेवला होता.

पुष्पाताईंनी तो आणला, फाइल उघडली. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. मधेच कंस, मधेच स्वल्पविराम. एका कॉम्प्युटरवाल्याने पाहून सांगितलं, “फाइल करप्ट आहे, डिलीट करा.”

त्यांनी डिलीट केली नाही. उलट तशीच ईपब करून यंत्रात घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोठी अक्षरं करून पाहिलं तर काही तरी उमगेल असं त्यांना वाटत होतं. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती: काही तुकडे पुन्हा पुन्हा येत होते. बिघडलेली फाइल असं नेमाने कशी बिघडेल?

गुरुवारी यवतमाळहून रत्नप्रभा पांढरीपांडे चढल्या. कोर्टातून निवृत्त झालेल्या टंकलेखिका. दर गुरुवारी घाटंजीला बहिणीकडे जायच्या आणि कंडक्टरच्या शेजारची सीट धरायच्या. तिकिटं काढून झाल्यावर पुष्पाताईंनी यंत्र उघडलं. रत्नप्रभाबाईंनी वाकून पाहिलं.

“अगं, हे कुठलं काढलंस?”

“फाइल बिघडली हाय काकू. मामाची हाय.”

रत्नप्रभाबाईंनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवले आणि त्यांची बोटं आपोआप हलायला लागली, जणू पर्सवर कीबोर्ड आहे. ओठ पुटपुटत होते.

“ई म्हणजे म... जे म्हणजे र... के म्हणजे काना... मोठा बी म्हणजे ठ... एच म्हणजे दुसरी वेलांटी.” त्या थांबल्या. “मराठी! पुष्पा, इथे ‘मराठी’ लिहिलंय.”

पुष्पाताईंनी यंत्र त्यांच्या आणखी जवळ धरलं. “काकू, तुमाले वाचता येते हे?”

“वाचता नाही येत. बोटांना येतं. आमच्याकडे कोर्टात हाच फॉन्ट होता. बघ, आतमध्ये सगळी इंग्रजी अक्षरंच ठेवलेली असायची. वरून फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालायचा. फॉन्ट नसला की उघडी पडतात. बिघडलेलं काहीच नाही यात.”

बस मोह्याच्या झाडांमधून चालली होती. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ ताई, स्टॉप गेला ना माहा!” पुष्पाताईंनी घाईने बेल वाजवली, माफी मागितली, माणूस उतरला आणि त्या पुन्हा सीटवर येऊन बसल्या.

“मंग आता?”

“आमच्याकडे युनिकोड आलं, म्हणजे अक्षरं आतूनच मराठी झाली, तेव्हा जुन्या फाइली बदलून घेतल्या होत्या. इंटरनेटवर मिळतात तशी साधनं. पण डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं हो. रफार हमखास चुकतात.”

त्याच संध्याकाळी पुष्पाताईंनी तसं एक साधन शोधून मजकूर बदलला. पडद्यावर पहिली ओळ मराठीत उभी राहिली तेव्हा त्यांनी नवऱ्याला, भारतला, हाक मारली. तो हात पुसत आला, मोठ्याने वाचली, आणि म्हणाला, “हे तर मामा बोलून राह्यले.”

पुढचे कित्येक गुरुवार यवतमाळ ते घाटंजी तपासणी चालली. पुष्पाताई तिकिटं काढायच्या, रत्नप्रभाबाई यंत्रावर वाचून चुका सांगायच्या. एका गुरुवारी त्यांनी जोरात मान हलवली.

“ही बघ टायपिस्टची चूक. ‘याडीने पाठीवर हात फिरवला.’ गाडी कशी हात फिरवेल? आणि पुढे पुन्हा ‘याडी’. सगळीकडे ‘गाडी’ कर.”

पुष्पाताईंना हसू आवरेना. “काकू, नका करू. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.”

रत्नप्रभाबाईंनी त्या ओळीवर पुन्हा नजर टाकली. “आई होय? बरं झालं सांगितलंस. मी तर सगळीकडे गाडी करायला लावली असती.” त्यानंतर अनोळखी शब्द आला की त्या बोट ठेवून थांबायच्या. “हे काय गं?” आणि पुष्पाताईंना ठाऊक नसेल तर त्या बसमधल्या एखाद्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला विचारायच्या. कधी कधी अर्धी बस त्या एका शब्दावर बोलायला लागायची.

पुस्तक तयार झालं त्या आठवड्याच्या सुट्टीला पुष्पाताई तांड्यावर गेल्या. मामा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

“दिवा कुठी हाय याचा?”

“उन्हात दिवा कायले पाह्यजे मामा? वाचा.”

अक्षरं एवढी मोठी केली होती की पानावर जेमतेम काही ओळी राहत होत्या. मामांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. बोट कसं टेकवायचं ते त्यांना लगेच जमलं. मामी चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. मामा पानं उलटत राहिले. मग एका पानावर अडकले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“हे चुकलं हाय.”

पुष्पाताईंनी वाकून पाहिलं. “कोनता शब्द? रफार का?”

“शब्द नाही वं. गोष्टच चुकली. मी लिहलं का तांडा चालाचा तवा बाया बैलांच्या मागं चालत. मले बापानं तसंच सांगतलं होतं. पन टाइप केल्यावर मंग बापाची बहीण, धनीबाई फूफी, भेटली होती. ते म्हने, माही सासू तर सगळ्याच्या पुढं चाले, पान्याची जागा तिलेच ठाऊक राहे.” मामांनी यंत्राकडे रागाने पाहिलं. “आता छापल्यावर काय बदलते.”

“छापलं कुठी हाय मामा? फाइल हाय हे. घरी जाऊन बदलतो, पुन्हा यात घालतो.”

“म्हणजे मी आज सांगीन ते बी याच्यात येईन?”

“येईन ना.”

मामा खाटेवर सरसावून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखं कुतूहल आलं. ते सांगू लागले, पुष्पाताई मोबाइलवर टाइप करू लागल्या. धनीबाई फूफीची सासू, तिच्या हातातली काठी, ओल्या मातीचा वास घेऊन पाणी ओळखायची तिची रीत. सांगता सांगता मामा एक ओळ गुणगुणले. बाया चालताना म्हणायच्या ते गाणं. पुष्पाताईंनी शब्द लिहून घेतले आणि वाचून दाखवले.

मामांनी मान हलवली. “शब्द बरोबर हायत. पन हे नुस्तं वाचून कोनाले समजन? चाल कशी लिहशीन?” त्यांनी यंत्र कानाजवळ नेलं, मग पुन्हा समोर धरलं. “काय वं पुष्पा, याच्यात आवाज बी टाकता येते का?”

“माहीत नाही मामा,” पुष्पाताई म्हणाल्या. “पाहून सांगतो.”

आणि त्यांनी तिथेच, अंगणात बसल्या बसल्या, मोबाइलवर शोधायला सुरुवात केली.