बरणीतली चिठ्ठी

नाशिकला समुद्र नाही, तरी मी इतकी वर्षं खाडीच्या चिखलात बिळं करून राहणाऱ्या कोळंब्यांवर काम करते. बोटाच्या पेराएवढा जीव. त्यातल्या अजून नाव नसलेल्या जाती शोधायच्या. "गोदावरीत सापडतात का गं?" असं माझा भाऊ दर दिवाळीला विचारतो.

कोकणातून आणलेल्या कोळंब्या कॉलेजात आमचे प्रयोगशाळेतले मामा सांभाळायचे. दिंडोरीकडचे, माझ्याहून बरेच मोठे. या कोळंबीची एक नांगी मोठी असते. जात ओळखायची ती मुख्यतः तिच्यावरून, आणि नेमकी तीच स्पिरिटमध्ये गळून पडते. "मॅडम, येकीला येक बाटली," मामा बजावायचे. "नायतर कोणाची नांगी कोणाची, काय कळायचं नाय."

एका रविवारी मी खाडीवरून परतले. मामा सुट्टीवर होते आणि बाटल्या धुवायचा मला कंटाळा. सगळ्या कोळंब्या एकाच बरणीत ओतल्या. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून रीतीप्रमाणे पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत टाकली. महिन्याभराने एक सुटी नांगी एका धडाला जुळवली आणि मला नवी जात सापडली! पेढे वाटले, शोधनिबंध पाठवला. तपासणाऱ्या तज्ज्ञाने कळवलं: नांगी एका जातीची, धड दुसरीचं, आणि दोन्ही जाती जुन्याच.

कॉलेजची नाचक्की झाली. प्राचार्यांनी मला आणि मामांना बोलावलं. टेबलावर ती बरणी होती. आत चिठ्ठी नव्हती, हे पाहून मला सुटल्यासारखं वाटलं.

"एकत्र कोणी केलं?"

"मी नसताना झालं असेल," मी म्हणाले.

नाव घेतलं नाही, पण प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. चोर सोडून संन्याशाला फाशी. मामांकडून लेखी खुलासा मागितला गेला. 'माझी चूक झाली' एवढंच लिहून त्यांनी सही केली. साऱ्या नोकरीतला तो पहिला डाग, तोही निवृत्ती तोंडावर असताना. मला लाज वाटत होती. पण बढती जवळ आली होती, मी गप्प बसले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या प्रामाणिकपणावर भाषणही ठोकलं.

ते गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला घेतलं. खालच्या कप्प्यात स्पिरिट भरलेली एक छोटी बाटली होती. कोळंबी नव्हती, नुसती चिठ्ठी. तारीख, खाडीचं नाव, 'सर्व एकत्र', आणि खाली माझी सही.

मी दिंडोरीला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसून सगळं कबूल केलं. चिठ्ठी का लपवली, असं विचारलं.

"माझं झालंच व्हतं, मॅडम. तुमचं व्हायचं व्हतं." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "माझा त्यो कागद फायलीत हाय का अजून?"

"आहे," मी म्हणाले. "काढायला लावते."

त्याला दोन पावसाळे झाले. मी आता विभागप्रमुख आहे. बाटली माझ्या कपाटात आहे, आणि मामांचा कागद अजून फायलीतच आहे.