उत्तनचा गोल ओटा

पुण्याहून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत काचेच्या नळ्यांची एक बिघडलेली जुडी होती. २००६च्या हिवाळ्यात मी पोकळ प्रकाशतंतूवर संशोधन करत होते. प्रकाश मधल्या हवेतून जाणार आणि भोवतीची षटकोन-त्रिकोणांची काचेची जाळी त्याला आत धरून ठेवणार. त्यासाठी केसासारख्या नळ्या जाड नळीत हाताने रचायच्या, तापवायच्या आणि तार ओढायची. तीनदा ओढली, तीनदा जाळी कलंडली. सर म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाहीतर विषय बदल."

प्रयोगशाळेतली लीना म्हणाली, "माझ्या पप्पांना दाखव. चाळीस वर्षं लाद्या बसवल्यात त्यांनी."

भाईंदरला पोचले आणि उत्तनची बस धरली. चुकून एक थांबा आधीच उतरले. वलांडींवर (बांबूच्या आडव्या काठ्यांवर) बोंबील वाळत होते. तिथल्या एका बाईंनी मला थेट घरापर्यंत पोचवलं.

लीनाचे पप्पा, इनासकाका, गुडघ्यांमुळे आता काम करत नव्हते. आधी त्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवायला लावलं. मग जुडी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"बाय, मांडणी बरोबर हाय. कडेच्या फटी कशानं भरतेस?"

"भरत नाही. तापल्यावर बसतात आपोआप."

"बसत न्हाय. चल."

काठी टेकत ते मला चौकातल्या क्रुसापाशी घेऊन गेले. भोवती गोल ओटा, त्यावर षटकोनी लाद्या. मी नको म्हणत असताना ते गुडघ्यांवर बसले आणि कडेच्या कापलेल्या बारीक तुकड्यांवरून बोट फिरवलं. "लादी सहा कोनांची, ओटा गोल. कडेला जागा ऱ्हायली का सगली लादी तिकडं सरकते. हे तुकडं बसवायला मला चार दिस लागलं."

मी शरमले. मधल्या जाळीचं गणित महिनोन्महिने केलं होतं, कडेकडे पाहिलंच नव्हतं.

पुण्याला परतून कडेच्या प्रत्येक फटीत मापाच्या काचेच्या काड्या बसवल्या. या वेळी जाळी उभी राहिली. तंतूच्या दुसऱ्या टोकाला हिरवा ठिपका दिसला तेव्हा सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

काकांना कळवलं, तर ते लीनासोबत स्वतःच आले. सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच.

"ही तू बसवली? हातानं?"

"हो."

"हात चांगला हाय तुझा."

पुढे परीक्षकांनी पदवी दिली. पण मला काम येतं, हे मला त्या दुपारी कळलं.