सशाला दिलेली गुटी

बेळगुंदीच्या आमच्या शेतात रताळी काढायचं काम चाललं होतं. वेल ओढता ओढता एक बाई एकदम मागं सरली, म्हणून मी बांधावरून उठून गेलो. वेलांखाली सशाची तीन पिल्लं बसली होती. मुठीएवढी, अंगावर तपकिरी केस, डोळे टक्क उघडे. आदल्या दिवशी कुत्र्यांनी तिथंच एक ससा फाडला होता. ती या पोरांची आई होती, हे आता कळलं. कामावरचा गडी म्हणाला, "अण्णा, ह्येंचं तर कालवण बी हुयाचं न्हाय." मी त्याच्यावर खेकसलो आणि पिल्लं टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आलो.

दया आली म्हणून आणली असं सांगायला मला आवडेल, पण ते खोटं होईल. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, त्याचं त्याचं बरं चाललेलं. मच्छे गावातल्या कारखान्यातून मी निवृत्त झालो तेव्हापासून घरात माझ्याशिवाय खोकणारंसुद्धा कुणी नव्हतं. घरात काहीतरी हलावं, एवढंच मला हवं होतं.

पाजण्याचा अनुभव शून्य, पण तोरा मोठा. शेजारून म्हशीचं दूध आणलं, कोमट केलं, गोड लागावं म्हणून साखर घातली आणि औषधाच्या ड्रॉपरनं दर दोन तासांनी पाजत राहिलो. पिल्लं चपाचपा प्यायची. मला वाटलं, यात काय अवघड आहे, बायका उगाच बाऊ करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांचीही पोटं टम्म फुगली होती आणि शेपटीखाली पातळ, आंबूस वासाची घाण चिकटली होती.

लेकराचं पोट बिघडलं की काय करायचं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. गुटी द्यायची. बायकोचा गुटीचा डबा अजून फडताळात होता. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सगळं वाळून खडखडीत झालेलं. डबा उघडला आणि तिच्या हाताचा वास आला. मग सहाण घेऊन खाली बसलो, तेव्हा लक्षात आलं की कशाचे किती वळसे उगाळायचे ते मला माहीतच नाही. ते मुलाच्या वयावर ठरतं, एवढं ऐकून होतो. ती उगाळायची तेव्हा बांगड्या वाजायच्या, हे आठवत होतं; वळसे मी कधी मोजले नव्हते. फोन करून विचारावं असं माणूस एकच होतं, आणि तिचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी अंदाजानं प्रत्येकी पाच वळसे उगाळले, दुधात कालवून पाजले आणि वर हिंगाचं पाणी पोटाला फासलं.

एक पिल्लू तासाभरात गेलं. दुसरं गुरांच्या दवाखान्यात नेताना पिशवीतच गार झालं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, कानडी बोलणारा. त्यानं तिसऱ्या पिल्लाचं पोट दोन बोटांनी चाचपलं. "हालु कोट्टिरेनरी?" दूध दिलंत का, असं तो विचारत होता.

"म्हशीचं दिलं. गुटी पण दिली."

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "अण्णा, हे माणसाचं बाळ नाही. याची आई दिवसात एकदा, फार तर दोनदा दूध देते. तुम्ही सारखं सारखं दिला. दूध पोटात नासला."

त्यानं सांगितलेलं मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. आज दूध अजिबात बंद. जुलाबावर माणसं घेतात ती पावडर पाण्यात विरघळवून, कोमट करून, तोंडाच्या कडेनं थेंब थेंब. अंगाला ऊब. पोटावरून बोट हलकं फिरवायचं, दाबायचं नाही. ओल्या कापसानं खालून पुसायचं, म्हणजे ते लघवी करेल. उतार पडला तर उद्या शेळीचं दूध, पाणी घालून, थोडंच. वनखात्याला त्यानं स्वतः फोन केला. बरं झालं की रानात सोडायचं, जीव लावायचा नाही, असंही बजावलं. शेवटचं मी लिहून घेतलं नाही.

घर सिमेंटचं, गार. गोठ्यावर पत्रा आहे, दुपारी तिथं चांगली ऊब धरते. जनावरं मी कधीच विकून टाकली होती, पण कोपऱ्यात पिंजर, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, होतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळली, पिल्लू तिच्याजवळ ठेवलं आणि पोटावर बोट फिरवत बसलो. हे तरी जगू दे, असं मी किती वेळा पुटपुटलो असेन. माझ्या मूर्खपणानं दोन गेली होती. तिसरंही गेलं असतं तर त्या घरात परत जायला मला जमलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोट मऊ लागलं आणि फडक्यावर एक लेंडी पडली. घट्ट, गोल, मिरीएवढी. मी एकटाच मोठ्यानं हसलो. तेवढ्यात शेजारची आक्का पिंजर मागायला आली. मी तिला ती लेंडी दाखवली. दाखवायला दुसरं होतं कोण?

आक्कानं पदरानं तोंड झाकून हसून घेतलं. मग पिल्लाच्या पोटावर फिरणाऱ्या माझ्या बोटाकडं बघत म्हणाली, "हितंच बसायची रं तुझी बायकू. आशीच."

"कवा?"

"पोरगं तान्हं व्हतं तवा. तू रातपाळीस्नं येऊन झोपलेला. पोराचं पोट लई दुखायचं, त्ये रडायचं, आन् तू आतनं वरडायचास, भाईर घिऊन जा त्येला. मग ती हितं येऊन त्येचं पोट चोळत बसायची. कवा कवा तीबी रडायची. मी म्हनायची, नवऱ्याला उठीव की गं. तर म्हनायची, न्हाय आक्का, दमल्यात, झोपू देत."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. पिंजराचा भारा उचलून ती गेली. मी खूप आठवून बघितलं, पण गोठ्यात बसलेली ती मला दिसेना. आठवत होतं ते एवढंच, की थोड्या वेळानं रडणं लांब जायचं आणि मला छान झोप लागायची.

पिल्लू पुढं हरळी कुरतडायला लागलं, आणि वनखात्याचा माणूस आला तेव्हा आम्ही दोघांनी ते डोंगराच्या बाजूला सोडलं. चांगलं तरतरीत होतं. दोन उड्यांत दिसेनासं झालं.

गावात अजून कुणी ना कुणी विचारतं, करमतं का रं? पूर्वी मी लगेच गळा काढायचो, ती गेली आणि मी एकटा पडलो. आता तसं म्हणवत नाही. या घरात आधी ती एकटी पडली होती, आणि तेव्हा मी घरातच होतो.