चड्ढासाहेबांना हवं असलेलं नाव

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या विनया टिपणीस गुडगावच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायच्या. एका भर दुपारी तो ठप्प झाला आणि विभागप्रमुख चड्ढासाहेब त्यांच्या खुर्चीमागे येऊन ओरडू लागले, "किसी ने हैक किया है! नाम बताओ, आज ही निकालता हूँ!"

विनयाताईंनी अलर्ट लॉग शोधला, म्हणजे डेटाबेस आपली दुखणी लिहून ठेवतो ती फाइल. तळाशी होतं, डिस्कवर जागा नाही. जागा खाल्ली होती, डेटाबेसमध्ये कोणी काय केलं ते टिपणाऱ्या तपासणीच्या फायलींनी. बारीकसारीक सगळं नोंदवा, हा हुकूम साहेबांनीच सोडला होता.

विनयाताईंनी खुर्ची साहेबांकडे वळवली. "सर, नाम मिल गया. वो... आपका ही है."

साहेब न वाजलेला मोबाइल कानाला लावून लगबगीने बाहेर पडले. विनयाताईंनी हसू दाबत फायली पुसायला घेतल्या.