बघायला येणारी माणसं

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की गाव बघायला येतं. काल्हेरला आमच्या घरासमोर गोदामांचे ट्रक उभे असतात. त्यांच्यामधून वाट काढत बायका येतात, कुणाच्या हातात शहाळं, कुणाच्या बिस्किटांचा पुडा. पडघ्याची मावससासू तर गावठी कोंबडीचा रस्सा डब्यात घालून आणते. खाटेवर बसायचं, आजाऱ्याच्या तोंडावरून हात फिरवायचा, थोडं रडायचं, चहा प्यायचा. न येणं म्हणजे नातं तोडणं. आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं तर आमच्यात कुणी ऐकलेलंही नव्हतं.

सासूबाईंचं पोट फुगलं तेव्हा आम्ही गॅस समजत बसलो. अंडाशयाचा कॅन्सर आहे हे कळेपर्यंत तो पोटभर पसरला होता, आणि त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी पोटातलं पाणी काढलं. आधी केमो, मग गाठी आकसल्या आणि अंगात ताकद राहिली तर ऑपरेशन, असं ठरलं. पहिल्या केमोनंतर गाव आलं. पाठोपाठ ताप आला, पांढऱ्या पेशी पार उतरल्या, आईंना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. "माणसं आवरा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मलाच का, ते विचारू नका. मुलगे तीन आहेत, पण दार अडवायला सूनच लागते.

मी दार अडवलं. मावससासू डबा माझ्या हातात न देताच परत गेली. माझा नवरा अशा वेळी नेमका गाडी धुवायला जायचा. मळमळीची बादली, तोंड आलंय म्हणून पातळ पेज, रक्ताच्या तपासण्या, ठाण्याच्या रस्त्यावरची ती कोंडी. मी इतकी दमले होते की कुणी आलं नाही की बरंच वाटायचं, तेवढाच एक चहा वाचला.

आई खिडकीतून सगळं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मी मेल्यावं सगली येतील गो. तवा कोनाला अडवशील?"

मी चिडले. हे सगळं कुणासाठी करते, असं तोंडावर बोलले. त्या भिंतीकडे वळून झोपल्या.

केमोनं गाठी आकसल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन करता येईल, पण मोठं आहे. झेपलं तर काही काळ जास्त मिळेल, आजार कायमचा जाईल असं सांगता येत नाही. आणि माणसांची गर्दी आधीही नको, नंतरही नको. तिन्ही मुलगे एका सुरात "करून टाका" म्हणाले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि आईंकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

"पोटातलं पानी काढत जा. दुखलं तं औषद दे. कापू नको," आई म्हणाल्या. "आन हिला सांग, दार उघड."

डॉक्टरबाईंनी पुन्हा नीट समजावलं. आई हलल्या नाहीत. परत येताना गाडीत मला राग आला होता, एवढी राखण केली ती कशाला म्हणून. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार सताड उघडलं, ओटी धुतली, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. आई चांगलं लुगडं नेसून, केस गेलेल्या डोक्यावर पदर घेऊन ओटीवर बसल्या. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. या घरची सून माणसाला दारात उभं करत नाही, हे गावभर झालं होतं. ओळखीची एक बाई समोरून गेली, तीही मान खाली घालून. चहा आटला. आई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी चपला घातल्या आणि लग्नाचं आवतण द्यायला जातात तशी घरोघरी निघाले. पहिल्याच घरातल्या काकीनं मला आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "बरी झाली काय गो तुझी सासू?"

"न्हाय," मी म्हटलं. "आता व्हनारबी न्हाय. म्हनून बोलवाया आले, काकी. या."