गेटवरची झडती आणि मस्कतचा डाव

नागापूरच्या एमआयडीसीत रंगनाथ अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिला, आणि सुटीचा भोंगा झाला की रोज गेटवर झडती देऊन घरी आला. डबा उघडून दाखवायचा, हात वर करायचे, बूट झटकायचे. बाकीचे कुरकुरायचे. रंगनाथ म्हणायचा, "वॉचमन त्याच्या पोटासाठी बघतो. आपल्याकडं काय हाय दडवायला?"

रिटायर झाला त्या साली, म्हणजे नव्व्याण्णवला, त्याला एकच नाद उरला होता. रविवारचा बुद्धिबळाचा डाव. मुलगा प्रवीण मस्कतला नोकरीला. तिथून तो आणि इथून रंगनाथ, शेजारच्या दीपाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून, इंटरनेटवरच्या एका साइटवर खेळत. खेळताना बापलेक एक अक्षर लिहीत नसत. प्रवीणनं घाईघाईनं घोडा काढला की रंगनाथ नुसता हसायचा. लहानपणीही पोरगं असंच उतावळं. फोनवर तर "बरा हाय ना?" आणि "बरा आहे, अण्णा" यापुढं गाडी कधी गेलीच नव्हती. त्यामुळं तो तासभराचा डाव हीच लेकाची भेट.

एका रविवारी पटाच्या जागी सूचना आली. दीपानं वाचून सांगितली. काही जण गुपचूप दुसऱ्या प्रोग्रामला विचारून चाली करतात, म्हणून यापुढं प्रत्येकानं आपल्या मशीनवर एक राखणदार प्रोग्राम बसवायचा. नाहीतर खेळ बंद.

"मंजी गेटवरची झडतीच की," रंगनाथ म्हणाला. "बसव."

दीपा पुढचं वाचत होती. "काका, हा गेटवर थांबत नाही. मशीनमधली कुठलीही फाईल उघडायची परवानगी मागतोय."

"कुठलीबी?"

"हो ना. इथं क्लासच्या पोरींचे पत्ते आहेत, फोन नंबर आहेत. डॉक्टरबाईंची पेशंटची यादी टायपिंगला आलीय." ती थांबली. "पण तुम्ही म्हणाल तर बसवते. तुमचा तेवढाच विरंगुळा."

"ह्यो राखणदार राहतो कुठं? नाव काय त्याचं?"

"ते काही दिलं नाही."

"आन् त्याची झडती कोन घेतं?"

दीपा हसली. रंगनाथ हसला नाही.

"आमचा वॉचमन पुंजाराम रोज डबा उघडायचा, पन घरी येऊन आमच्या बायकोचं कपाट न्हाई उघडलं त्यानं कधी. माझं एकट्याचं असतं तर दिलं असतं बाई. पोरींचं मी कोन देनार?"

'नाही'चं बटण त्यानं स्वतःच दाबलं.

घरी बायकोनं, कडूबाईनं विचारलं, "आज लवकर? हारलात व्हय?"

"व्हय," म्हणाला, आणि समोरचा चहा तसाच निवू दिला.

दुसऱ्या दिवशी प्रवीणचा फोन आला. "अण्णा, सगळेच बसवतात तो प्रोग्राम. काही होत नाही."

"नसंल होत."

"मग आपण खेळायचं नाही?"

रंगनाथ म्हणाला, "तू बसीव. दुसरं कुनी भेटंल तुला खेळाया."

"मी काय त्या साइटसाठी येतो का, अण्णा?"

ते ऐकून रंगनाथनं सगळं सांगितलं, पोरींचं, डॉक्टरबाईंचं. मग दीपानंच तोड काढली. ईमेल. एका पत्रात एक चाल.

पुढच्या रविवारी पहिलं पत्र आलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. दीपानं अडखळत वाचलं. "अण्णा, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं. इथं ऊन फार. मेसमधली चपाती चिवट असते. चार दिवस ताप होता, आता उतरलाय. आईला सांगू नका."

रंगनाथनं ते पुन्हा वाचायला लावलं.

"काका, या हिशेबानं डाव वर्षभर चालेल," दीपा म्हणाली.

"चालू दे. लिही, ताप किती हुता? डॉक्टरला दावलं का?"

"आणि चाल?"

"ती सांगतो मागनं."