पौर्णिमेचा तंबू

तंबू ठोकायला पौर्णिमाच हवी, हा हट्ट माझा. चांदणं, वाळू, समोर समुद्र, असं काय काय डोक्यात घेऊन बसले होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीसही बोईसरला काढली, आणि समुद्र पाहिला तो कुणी पाहुणे आले की. बोईसरच्याच सरावलीतल्या आमच्या खोल्यांपासून किनारा स्कूटरवर अर्ध्या तासाचा. तरी जायचं म्हटलं की ह्यांची शिफ्ट आडवी यायची, नाहीतर माझं शिवणकाम. दिवाळीला पुण्याहून आलेली मुलगी तिचा तंबू घरीच विसरून गेली, तो माळ्यावर टाकताना माझ्या मनाने घेतलं.

अर्थात चांदण्याचं निमित्त. खरी गोष्ट वेगळीच होती. माझा नवरा कारखान्यात फिटर. मालकाने गुजरातेत नवा कारखाना टाकला होता आणि जुन्या चार माणसांना तिकडे बोलावलं होतं. सोमवारी ह्यांना कागदावर सही करायची होती. गेले की महिन्यातून दोनदा घरी यायचे. माझी गिऱ्हाइकं सगळी इथली, ती सोडून मी कुठे जाणार? ह्यांनी गेलेलं मला अजिबात नको होतं. पण मी तसं बोलणार नव्हते. आधी त्यांच्या मनात काय आहे ते मला काढून घ्यायचं होतं. मी जात्याच चौकस बाई. कुणाच्या घरी पाहुणा कोण आला, किती दिवस राहणार, हे घरमालकिणीच्या आधी मला कळतं. आणि स्वतःच्या नवऱ्याच्या पोटात काय आहे ते कळू नये? म्हटलं, एक दिवस एक रात्र तंबूत कोंडून घातलं की माणूस बोलेलच.

समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, असं फोन सांगत होता. पण पाऊस उद्या रात्री. आम्ही शनिवारी सकाळी आठला किनाऱ्यावर पोचलो. आभाळ गढूळ, वारा असा की ओढणी तोंडावरून काढता काढता जीव मेटाकुटीला आला. पाणी मात्र पार लांब गेलेलं. मधे नुसती सपाट, ओली, इस्त्री केल्यासारखी वाळू. गावाच्या बाजूला वर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, त्याचा वास नको म्हणून आम्ही खाली उतरलो. शेवाळाची, चपलांची, बाटल्यांची एक लांबलचक रांग लागली, तीही ओलांडली. हे आयुष्यभर प्रेशरचे काटे बघणारे, आणि मी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी. ही रांग इथे कुणी मांडली, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

तासभर खटपट करून तंबू उभा केला. मी थालीपिठं काढली. हे खात होते आणि समुद्राकडे बघत होते. मी वाट बघत होते.

"वारा चांगलाच आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हं."

"खुंट्या जरा अजून ठोकायला हव्यात."

बावीस वर्षांनी मिळालेला एकांत आणि विषय काय, तर खुंट्या! असा राग आला की काय सांगू. सोमवारचा 'स'सुद्धा निघाला नाही. मग दोघांनाही वाऱ्यात कधी डोळा लागला ते कळलं नाही.

पावणेअकराला माझी पाठ ओली झाली. उठून बघते तर ह्यांची एक चप्पल ऐटीत गावाकडे निघालेली. समुद्र दारात नव्हे, आतच. आम्ही उशा उचलू की स्टोव्ह, असं करत होतो, तेवढ्यात वरून एक म्हातारी पदर खोचून धावत आली. एका हाताने तिने खुंट्या उपटल्या आणि दुसरा हात कपाळावर मारला.

"पुनवेला हितं झोपाय आलाव? अगो बाय, पुनवेला उधान असतंय! आज पानी पार त्या होडीपातूर येनार हाय."

होडी आमच्या मागे, त्या रांगेच्याही वर. चांदण्यासाठी मी निवडलेली पौर्णिमा म्हणजे महिन्यातली सगळ्यात मोठी भरती. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असणार. मला लाजेने मेल्यासारखं झालं. हे मात्र हसायला लागले. मोठ्याने, गुडघ्यावर हात ठेवून. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं होतं, आठवेना.

ओला तंबू ओढत वर आलो, तर लांब पाण्यावर पावसाचा पडदा धरलेला. फोनने सांगितलेला उद्याचा पाऊस आजच येत होता. म्हातारी मांडवाकडे वळली. चार दिवस वाळलेला माल, एक सर पडली की कुजला. तिचा म्हातारा एका टोकाने काढत होता, ती दुसऱ्या टोकाला लागली. आम्हाला कुणी बोलावलं नाही, पण बघत थोडंच राहणार? आम्हीही घुसलो.

तेव्हा मला कळलं की बोंबील दोरीला बांधतच नाहीत. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे, एक तिकडे.

"मावशी, बारका-मोठा एकत्र चालतो का? वाऱ्याने सुटत नाहीत? हात कापत नाही दातांनी?"

"आदी काड, मंग इचार!" ती ओरडली.

पण काढता काढता तिने सगळं सांगितलं. हात कापतो, आणि आठ दिवसांनी कापायचा थांबतो. एवढ्यात थेंब आले. तिच्या घराच्या पडवीला लागून रचलेला ढीग झाकायला ताडपत्री पुरेना. ह्यांनी आमचा तंबू उलगडला, झटकला आणि ढिगावर पसरून कडेने दगड ठेवले. पोरीचा महागाचा तंबू बोंबलांवर! पण मला तेव्हा तो माणूस फार आवडला.

मग मावशीच्या चुलीपाशी मी कपडे वाळवत बसले. बाहेर पडवीत दोघे पुरुष तंबूचं टोक धरून उभे.

"दोगंच आलाव? भांडून?" मावशीने विचारलं.

आतापर्यंत मी सगळ्यांना विचारत आले, मला कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी सगळं ओकले. गुजरात, सोमवार, सही.

"मंग तू काय बोललीस त्याला?"

"काही नाही. त्यांनी बोलायला नको का?"

"तू नाय बोललीस तर त्याला कसा समजनार? माजा हा बग. सरकारनं वादलाचा सांगून होड्या परत बोलवायच्या आदी मीच सकाली सांगितला, आज जायचा नाय. जाली आपटतोय, शिव्या देतोय, पन हाय ना घरात?" तिने माझ्या हातात चहाचा पेला ठेवला. "जा, देऊन ये."

मी पेला घेऊन पडवीत गेले. म्हातारा कशाला तरी मागे गेला होता. हे भिजलेले, केसात बोंबलाचा चुरा, तंबूची दोरी मुठीत.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. मला नाही करमायचं."

एवढं बोलायला मला एक आख्खी दिवाळी लागली होती.

त्यांनी पेला घेतला नाही.

"मी गुरुवारीच हो सांगितलंय," ते म्हणाले. "सोमवारी नुसती सही. तेच सांगायचं होतं तुला, म्हणून आलो. सकाळपासून जीभच उचलेना."

"मला न विचारता?"

"विचारलं की. दिवाळीच्या आधी विचारलं. भाऊबीजेच्या रात्री विचारलं. मंगळवारी तू डबा भरत होतीस, तेव्हा विचारलं, काय करू. तू म्हणालीस, तुमचं तुम्ही बघा. मला वाटलं, मी असलो काय नि नसलो काय, तुला सारखंच."

मी भांडायला तोंड उघडलं. पण मंगळवारी डब्यात भेंडी होती, झाकण नीट बसत नव्हतं, आणि मी वर न बघताच तसं म्हटलं होतं, हे मला लख्ख आठवलं. त्यानंतर ते दारात किती वेळ उभे होते, ते मी पाहिलंच नव्हतं.